मदत हवी आहे: लास वेगासजवळचे ट्रेक, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

नमस्कार मंडळी. नागपूरहून चौघं निघतोय, त्यात ६२ वर्षांचे काका आहेत. रामटेकच्या पायऱ्या ते आरामात चढतात, पण दगडाला हात लावून चढायची सवय नाही. हातात दोन दिवस, गाडी भाड्याची.

पहिला दिवस रेड रॉक कॅन्यन. ऑक्टोबर ते मे तिथल्या १३ मैलांच्या एकेरी रस्त्यासाठी वेळेचं आगाऊ बुकिंग लागतं. सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणून सकाळी ८ चाच स्लॉट घेणार. तिथली कॅलिको टँक्सची वाट (खडकातल्या पाणी साठणाऱ्या खळग्यांपर्यंत) जाऊन-येऊन साधारण ४ किलोमीटर. टर्टलहेड पीक हे शिखर ८ किलोमीटर, चढ जवळपास ६०० मीटर, शिवाय सुट्या दगडांत उतरताना वाट हरवते. काकांसाठी टँक्सच बरं वाटतं. शेवटच्या टप्प्यात खडकावर हात टेकावे लागतात तो भाग नेमका किती लांब आहे?

दुसऱ्या दिवशी व्हॅली ऑफ फायर या पार्कमधली फायर वेव्हची (रंगीत पट्ट्यांच्या खडकाची) वाट करावी की हूव्हर धरणाजवळची जुन्या रेल्वेबोगद्यांची सपाट वाट?

माणशी ३ लिटर पाणी आणि मीठ-साखर नेतोय. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, तहान उशिरा कळते. आपल्या मे महिन्यासारखंच. चोया निवडुंगाचा गोळा चिकटला तर उपटायला रुंद दातांची फणीही घेतली आहे.

आदल्या दिवशी पाऊस झाला तर काय करता? ओला वाळूखडक ठिसूळ होतो, हाताखालचा तुकडाच निघून येतो. किती दिवस थांबावं?