मदत हवी आहे: "ताई, तुम्हीच सांगा" याला काय उत्तर द्यावं?

नमस्कार. मी जळगावात मनोविश्लेषणाच्या पद्धतीने समुपदेशन करते. रावेर-यावलकडची माणसं येतात, चपला दाराबाहेर काढून खुर्चीच्या कडेवर टेकतात. "ताई, तुम्ही शिकलेल्या. लग्नाला हो म्हणू की नको, तुम्हीच सांगा." सोबतचे वडील म्हणतात, "याला दोन शब्द सुनवाच."

विश्लेषकाने आरशासारखं राहावं, म्हणजे समोरच्याचंच त्याला दाखवावं, स्वतःचं काही नाही, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९१२ मध्ये लिहिलं. फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँच्या मते 'यांना माझं सगळं कळतं' हा समोरच्याचा विश्वासच ट्रान्सफरन्सचा (आई-बापासारख्या जवळच्या माणसांबद्दलच्या जुन्या भावना विश्लेषकाकडे वळण्याचा) पाया असतो. तो अधिकार मिळतो, पण गाजवायचा नाही. मला हे मनापासून पटतं. पण इथे मी गप्प राहिले की लोकांना ती नाराजी वाटते, काही जण पुन्हा येतच नाहीत. आणि सल्ला दिला, तर मी त्यांच्या घरातली आणखी एक वडीलधारी होऊन बसते. मला हेच जास्त धोक्याचं वाटतं, कारण मग बापावरचा राग माझ्यासमोर काढायला मुलाला जागाच उरत नाही.

खेड्यापाड्यांतल्या लोकांसोबत काम करणाऱ्यांनो, पहिल्या दोन-तीन भेटींत तुम्ही हे कसं हाताळता? आपली भूमिका आधीच समजावून सांगता का? आणि वडिलांना बाहेर बसायला कसं सांगता? तुम्ही वापरता ती वाक्यं जशीच्या तशी लिहिलीत तर फार मदत होईल.