मदत हवी आहे : वाईतल्या जुन्या पॉट आईस्क्रीमच्या दुकानाचा इतिहास

नमस्कार मंडळी. वाईला आमच्या आजोळच्या गल्लीत पॉट आईस्क्रीमचं एक दुकान होतं. आता बंद आहे, इमारतही लवकरच पाडणार म्हणतात. त्याआधी त्याचा इतिहास नीट लिहून काढायचा आहे.

लाकडी बादलीत उभा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ, वर फिरवायचं हँडल. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्याही खाली जातं, म्हणून वीज नसतानाही आटवलेलं दूध घट्ट गोठायचं. हँडल जड झालं की आईस्क्रीम तयार! हे काम मामाने लहानपणी तिथे केलंय, त्यामुळे कृती नक्की कळली. मालकांचंच कोडं सुटत नाही. मूळ मालकांनंतर पुतण्या, मग तिथलाच जुना कामगार, असं ऐकलंय. पण कोण कधी आलं ते कुणी ठाम सांगत नाही.

सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढलं. त्यावर फक्त घरमालक, दुकान भाड्याचं. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या जुन्या असेसमेंट उताऱ्यात भोगवटादाराचं, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं, नाव असतं, ते मिळवण्यासाठी अर्ज कसा करायचा? 1948च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालचे जुने गुमास्ता परवाने (दुकानाची नोंदणी) कुठे पाहायला मिळतील? आणि कृष्णामाई उत्सवाच्या किंवा शाळांच्या जुन्या स्मरणिका कुणाकडे असतील तर त्यातल्या जाहिराती कृपया चाळून बघा. वाईकरांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचाराल का?