हातशिलाईचे काउबॉय बूट करून घ्यायचेत, पैसे कशावर घालू?

मेधा_सांगलीकर

नमस्कार मंडळी. टेक्सासातल्या सॅन अँटोनिओत येऊन मला अकरा वर्षं झाली. दर फेब्रुवारीत इथे रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या खेळांचा मेळा, भरतो, तेव्हा बँकेतल्या कॅशियरपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळे बूट घालून येतात. मलाही ते मनापासून आवडतात. म्हणून गेल्या वर्षी एका दुकानातून दोनशे डॉलरची जोडी आणली. सहा महिन्यांत पुढून तळ सुटला. दुरुस्तीला नेली तर मोची म्हणाला, "तळ नुसता चिकटवलाय, टाका घालायला आत काही नाहीच." शिवाय घातल्यावर तासाभरात पावलाच्या वरच्या बाजूला लाल वळ उठायचा.

माझे पाय पुढे पसरट, टाचेला अरुंद. चपलेवर वाढलेले पाय, आणखी काय असणार. पुढच्या वर्षी पन्नाशी आहे, तेव्हा एकदाच चांगली जोडी घ्यावी असं मनात आहे. दीड हजार डॉलरपर्यंत तयारी आहे. तयार पण नावाजलेली जोडी घ्यावी की मापाने करून घ्यावी? शहामृगाचं कातडं घ्यावं का? आणि 'हँडमेड' म्हणजे नक्की काय काय हाताने करतात?

ह्यूस्टनवाला

तुम्ही तर बुटांच्या माहेरातच राहता. साल्वातोरे लुकेसी सिसिलीहून आला आणि त्याने १८८३ मध्ये तुमच्याच गावात बूट करायला सुरुवात केली. आता ती कंपनी एल पासोत आहे. टोनी लामा ही बुटांची कंपनीही एल पासोचीच, १९११ची. माझ्याकडे शहामृगाची तयार जोडी आहे, नऊ वर्षं झाली, दोनदा तळ बदलला. ते कातडं पहिल्या दिवसापासून मऊ. डोळे झाकून घ्या.

वादी

मेधाताई, उशिरा वाचलं, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आमचे आजोबा कोल्हापूरला सुभाषनगरात चपला करायचे, आजी चपलांवरच्या कातडी वेण्या घालायची. मी फोर्ट वर्थला कारखान्यात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी रजा काढून एका म्हाताऱ्या बूटमेकरकडे दोन आठवडे शिकलो आणि एक जोडी स्वतः पुरी केली.

आधी 'हँडमेड'चं सांगतो. नडगीवरच्या उभ्या भागावर जी नक्षी दिसते ती मशीनवरच होते, जुन्या सिंगर ३१-१५ सारख्या मशीनवर. हात लागतो तो एकेक ओळ फिरवताना. ती नक्षी नुसती शोभेची नसते. टाक्यांच्या ओळींनी कातडं ताठ राहतं, बूट घोट्यापाशी गोळा होत नाही. खरी हातशिलाई तळाशी असते आणि ती तुम्हाला कधीच दिसत नाही. पायाखालच्या जाड आतल्या तळाला आरीने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी ओवायचा आणि वरचं कातडं, अस्तर, कडेची पट्टी असं सगळं एकत्र आवळायचं. पहिल्या बुटाला मला अख्खा दिवस लागला. करंगळीवर दोऱ्याचा व्रण अजून आहे.

तुमच्या मोच्याने सांगितलं ते बरोबर आहे. टाका घालायला आत कातडं असावं लागतं. आतला तळ झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्याचा हवा. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, त्याच जातीचं काम. असा तळ घाम पितो आणि हळूहळू तुमच्या पावलाचा ठसा धरतो. स्वस्त बुटात त्याजागी पुठ्ठा असतो, तो ठसा धरत नाही, कुजतो. टाचेभोवतीचा आणि बोटांवरचा कडक भागही कातड्याचाच आहे की प्लास्टिकचा, हे स्पष्ट विचारा.

दुकानात गेलात की बूट उलटा करून टाच आणि चवडा यांच्यामधला अरुंद भाग बघा. चांगल्या बुटाला तिथे दोन्ही कडांना बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसतील. त्या लाकडी खुंट्या. आत कमानीला आधार म्हणून पोलादी पट्टी असते. टेक्सासचे जुने कारागीर त्यासाठी सहा इंची खिळा ऐरणीवर ठोकून चपटा करतात. माझ्या गुरूनेही तेच केलं, आणि त्या खिळ्याच्या दोन्ही बाजूंनी लिंबवर्णी लाकडाच्या खुंट्या ठोकायला लावल्या. लोखंडी चूक, म्हणजे बारीक खिळा, ओलाव्याने गंजते आणि सैल पडते. लाकूड ओलाव्याने कातड्याबरोबर फुगतं आणि घट्ट धरतं. एका जोडीत शेकड्याने खुंट्या. आरीचं भोक, खुंटी, हातोडा. ते ऐकताना मला सुभाषनगरची दुपार आठवायची.

सगळ्यात जिवावरचं काम म्हणजे बूट उलटवणं. वरचा भाग आतली बाजू बाहेर ठेवून शिवतात. मग भिजवून मोज्यासारखा सुलटा करायचा. पण तो मोजा नसतो, अस्तर धरून दुहेरी कातडं असतं. माझ्या उजव्या बुटाला शिवणीपाशी पाणी पुरेसं मुरलं नव्हतं. मी जोर केला आणि दोन बोटं फाटलं. आठ दिवसांचं काम गेलं. गुरू काही बोलला नाही, नवं कातडं समोर ठेवलं आणि पाण्याची बादली जवळ सरकवली.

आता तुमचा पाय. ह्यूस्टनवाला दादांची जोडी उत्तम असेल, पण डोळे झाकून मात्र घेऊ नका. या बुटाला ना नाडी ना पट्टा. स्वार पडला तर पाय रिकिबीतून सुटावा म्हणून तो असाच ठेवलाय. त्यामुळे पाऊल धरून ठेवतो तो फक्त एक भाग, चपलेचा पट्टा जिथे बसतो तो. तिथे घट्ट पण न टोचणारा हवा. तुम्हाला वळ उठत होता तो तिथलाच. लांबीचा नंबर वाढवून हा दोष जात नाही, रुंदी निराळी मागावी लागते. आणि तुमच्यासारखा पुढे पसरट, मागे अरुंद पाय तयार फर्म्यावर, म्हणजे ज्या पावलाच्या साच्यावर बूट करतात त्यावर, क्वचितच बसतो. म्हणून मापाचेच करा. नव्या बुटात टाच थोडी वर सरकते, पाव इंचभर. तळ वाकायला लागला की ते थांबतं, तेवढ्यासाठी परत करू नका.

कातड्याबद्दल माझं मत ठाम आहे. दीड हजारात मापही हवं आणि शहामृगही हवं, हे बहुतेक जमणार नाही. साधं वासराचं कातडं घ्या आणि पैसे मापावर घाला. शहामृगाचे ते गोल उंचवटे म्हणजे पिसांची मुळं. दिसतं सुंदर, मऊही असतं, पण चुकीच्या मापाचं शहामृगही टोचतंच.

एक आणखी. माप द्यायला जाताना तुमची जुनी, झिजलेली कोल्हापुरी घेऊन जा.

मेधा_सांगलीकर

वादी, किती मनापासून लिहिलंत! दोनदा वाचलं. कोल्हापुरी कशासाठी, ते नाही कळलं.

वादी

अंगठ्याखाली आणि टाचेखाली जो काळा खळगा पडलेला असतो ना, त्यावरून वजन कुठे पडतं ते कारागिराला एका नजरेत कळतं. इथल्या लोकांना लांबून माप घेण्याचं वावडं नाही. एच. जे. जस्टिनने १८७९ मध्ये टेक्सासातल्या स्पॅनिश फोर्ट या गावी बूट करायला सुरुवात केली, पुढे नोकोना गावी गेला. त्याच्याकडून काउबॉयना घरबसल्या माप घ्यायचा संच मिळायचा. ते स्वतः माप घेऊन टपालाने धाडायचे. आपण नाही का, कोल्हापूरला जाणाऱ्याच्या हाती वर्तमानपत्रावर पाऊल काढून देत?

मेधा_सांगलीकर

काल जाऊन आले. छोटं दुकान आहे, एकच माणूस. कागदावर उभं केलं, पेन्सिल अगदी सरळ धरून दोन्ही पावलं काढली. मग फीत लावली: चवड्याला, त्याच्या मागे, वरच्या उंचवट्याला, टाचेपासून तिरकी, घोट्याला, पोटरीला. डावा पाय वरच्या उंचवट्याला पाव इंच जास्त भरला. पन्नास वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं! कोल्हापुरी बघून त्याने खळग्यावर अंगठा फिरवला आणि डाव्या कागदावर काहीतरी खूण केली. खुंट्यांचं मी विचारलं तेव्हा अर्धवट झालेला एक बूटच हातात दिला.

तपकिरी वासराचं कातडं, टाच दीड इंच, नक्षी कमी. वर ओढायच्या पट्ट्या लांब, खाली लोंबणाऱ्या ठेवल्यात, ज्यांना ते खेचराचे कान म्हणतात. तेराशे डॉलर, दहा महिने. निम्मे पैसे आत्ताच मागतोय, ते रास्त आहे का?

वादी

रीतच आहे ती, कातडं आधी आणावं लागतं. पावतीवर कातडं, टाच आणि अंदाजे महिना लिहून घ्या. आणि तो मधे एकदा घालून बघायला बोलवेल, त्या दिवशी पातळ मोजे नकोत. जे रोज वापरणार तेच घालून जा, आणि सकाळी नाही, संध्याकाळी जा. दिवसभरात पाय फुगतो.