मेडिकेअरचं श्रेय एकट्या टॉमी डग्लस यांना का? वुड्रो लॉइड यांच्या कारकिर्दीबद्दल

गहूपट्टा:
कॅनडातल्या सरकारी आरोग्य विम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा विषय निघाला की सस्कॅचेवान प्रांताचे प्रीमियर (प्रांताच्या सरकारचे प्रमुख) टॉमी डग्लस यांचंच नाव घेतलं जातं. त्यांच्या जागी आलेल्या वुड्रो लॉइड यांच्यावर हा अन्याय आहे. डग्लस नव्या एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) पक्षाचं नेतृत्व करायला राष्ट्रीय राजकारणात गेले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये लॉइड प्रीमियर झाले. मेडिकेअरचा कायदा त्याच महिन्यात मंजूर झाला. १ जुलै १९६२ ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखान्यांना टाळं लावलं. मोजक्या रुग्णालयांत तातडीची सेवा, बाकी सगळं बंद, असे २३ दिवस गेले. ११ जुलैला रेजायनात विधिमंडळासमोर योजनेच्या विरोधकांची सभा भरली, पण आयोजकांनी जेवढी गर्दी धरली होती तिच्या मानाने फारच थोडे लोक आले. लॉइड डगमगले असते तर योजना तिथेच संपली असती.

जुनी_पानं:
असहमत. टिकाव धरायला आधी पाया लागतो, आणि तो डग्लस यांनी १५ वर्षं खपून घातला. १९४४ मध्ये सत्तेवर येताच आरोग्य खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट विभागात डॉक्टर आणि रुग्णालय अशा दोन्ही सेवांचा प्रयोग सुरू झाला. १ जानेवारी १९४७ पासून प्रांतभर रुग्णालय विमा आला, माणशी वर्षाला ५ डॉलर. डॉक्टरांच्या फीचा विमा मात्र त्यांनी मुद्दाम थांबवला, कारण तिजोरीला झेपणारा नव्हता. १९५८ पासून केंद्र सरकार रुग्णालयांच्या खर्चात वाटा देऊ लागलं, प्रांताचा पैसा मोकळा झाला, आणि मगच १९५९ च्या अखेरीस त्यांनी योजना जाहीर केली. १९६० ची निवडणूक याच मुद्द्यावर जिंकली. किंमतही मोजली: जून १९६२ च्या केंद्रीय निवडणुकीत रेजायनात ते पडले.

दुसरी_बाजू:
लॉइड यांचं इतकं कौतुक मला पटत नाही. संप काही अंशी त्यांच्या सरकारने ओढवून घेतला. योजना १ एप्रिलची होती, ती १ जुलैवर गेली, आणि विरोधाला संघटित व्हायला वेळ मिळाला. त्यातच एप्रिलमध्ये कायदादुरुस्ती करून योजना चालवणाऱ्या सरकारी विमा आयोगाला रुग्णांचा कायदेशीर प्रतिनिधी केलं. आपली खासगी प्रॅक्टिस उरणारच नाही, असं डॉक्टरांना वाटलं. आणि शेवटी तडजोड झालीच ना?

गहूपट्टा:
एप्रिलच्या दुरुस्तीबद्दल तुमचं म्हणणं मान्य, ती चूकच होती. पण तडजोडीत काय सोडलं आणि काय राखलं ते नीट बघा. ब्रिटनहून आलेल्या लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने २३ जुलैला सास्काटूनमध्ये करार झाला. डॉक्टरांना चार वाटा मिळाल्या. आयोगाला थेट बिल लावायचं आणि ते पूर्ण मोबदला मानायचं, ही पहिली. दुसरीत बिल डॉक्टरांच्या पसंतीच्या विमा संस्थेमार्फत जायचं. पैसा आयोगाचाच, संस्थेने फक्त पोचवायचा. तिसरीत बिल रुग्णाच्या हाती, आणि रुग्णाला ठरलेल्या दराने परतावा. चौथी म्हणजे योजनेबाहेर राहून पूर्ण खासगी व्यवसाय. पण विमा सगळ्यांना सक्तीचा आणि पैसे देणारा एकच, या दोन गोष्टींना लॉइड यांनी धक्का लागू दिला नाही. वर्षाचा हप्ता एकट्याला १२ डॉलर, कुटुंबाला २४.

दुसरी_बाजू:
तिसऱ्या वाटेतच तर गोम आहे. डॉक्टर ठरलेल्या दराहून जास्त बिल लावू शकत होता, वरचा फरक रुग्णाच्या खिशातून. ही जादा आकारणी मोडायला १९८४ चा केंद्रीय कायदा यावा लागला. जेवढी आकारणी, तेवढं प्रांताला मिळणारं केंद्राचं अनुदान कापायचं.

जुनी_पानं:
इथे मात्र मी लॉइड यांच्या बाजूने. त्या जुलैत ही फट बुजवायचा हट्ट धरला असता तर डॉक्टर परतलेच नसते. १९६४ मध्ये लॉइड हरले, मतांची टक्केवारी जवळपास सारखी असूनही. पण जिंकलेल्या रॉस थॅचर यांना योजना मोडता आली नाही. १९६८ मध्ये त्यांनी दवाखान्याच्या भेटीला दीड डॉलर आणि रुग्णालयात दिवसाला अडीच डॉलर शुल्क लावलं. १९७१ मध्ये ॲलन ब्लेकनी यांचं सरकार आलं आणि ते रद्द झालं.

गहूपट्टा:
आणि लॉइड यांना असा विरोध नवा नव्हता. १९४४ पासून १६ वर्षं ते शिक्षणमंत्री होते. गावोगावच्या छोट्या शाळा मंडळांची मोठी एककं त्यांनीच केली, आणि आपली शाळा हातची जाईल म्हणून चिडलेल्या पालकांना तोंडही दिलं. १९६२ चा माणूस तिथे घडला.