घोडीचे ठोके कसे मोजायचे? अर्जंट मदत हवी आहे (अलिबाग, नागाव)

नमस्कार मंडळी, काकांची घोडागाडी आहे नागावच्या बीचवर, काका गेलेत लेकीकडे पुण्याला आणि घोडी माझ्या गळ्यात. काल शनिवार म्हणून दिवसभर फेऱ्या झाल्या, रात्री ठीक होती पण आज सकाळपासून चंदीला तोंड लावत नाही, पुढच्या पायाने जमीन उकरते, मधेच मान वळवून कुशीकडे बघते, आणि लीदही नाही. डॉक्टरांना फोन केला तर ते रोह्याला, संध्याकाळी येतो म्हणाले आणि विचारलं ताप किती, ठोके किती. आता मला काय माहीत!

घरचाच थर्मामीटर दोरी बांधून मागून लावला (लाथ खाता खाता वाचलो), १००.४ आला. माणसाला हा ताप झाला, घोड्याला? नाडीसाठी जबड्याखाली बोटं फिरवली, ती मान झटकते. शेवटी डाव्या कोपराच्या मागे कान लावला तर लब-डब लब-डब ऐकू येतं, पण ते एक धरायचं की दोन? एक धरलं तर पंधरा सेकंदात १४, म्हणजे मिनिटाला ५६. दोन धरलं तर ११२!!

प्रतिसाद १:
अरे लब-डब मिळून एकच ठोका. १००.४ म्हणजे ताप नाही, घोड्याचं १०१.३ पर्यंत नॉर्मल असतं. पण ५६ जास्त आहेत, उभ्या घोड्याचे २८ ते ४४ असतात, म्हणजे तिला दुखतंय, पोटशूळ वाटतोय. संध्याकाळची वाट बघू नकोस, आत्ता फोन करून हा आकडा सांग. हिरडी बोटाने दाबून सोड, पांढरी झालेली जागा दोन सेकंदात परत गुलाबी व्हायला हवी. दोन्ही कुशींना कान लाव, गुडगुड ऐकू आली पाहिजे, एकदम सामसूम असेल तर ते वाईट. चंदी, गवत सगळं उचलून ठेव. आणि कोणी कितीही सांगितलं तरी तेल-बिल नळीने घशात ओतू नकोस, फुफ्फुसात गेलं तर ती त्यानेच जाईल. लोळायला लागली तर हळूहळू फिरव, पण दमवू नकोस. गवत कुठे टाकता? वाळूवर टाकत असाल तर खाताना वाळू पोटात जाऊन साठते.

धागाकर्ता:
थँक्यू दादा. हिरडीला तीन सेकंद लागले, उजव्या कुशीत थोडा आवाज आहे, डाव्या बाजूला काहीच नाही. डॉक्टरांना सांगितल्यावर ते लगेच निघालेत. गवत काल फेऱ्यांच्या मधे सुरूखाली वाळूवरच टाकलं होतं, रोज तिथेच टाकतो आम्ही.

प्रतिसाद १:
मग लीद टाकली की मूठभर बादलीत पाण्यात घोळून ठेव, तळाला वाळू बसते का बघ. डॉक्टरांना दाखव ती बादली.