अंटार्क्टिकाच्या गाळाचं वय डायटमवरनं काढतात, खरं जुने जीवाश्म त्यात मिसळले असतील तर?

खानापूरकर
नमस्कार मंडळी, मी बेळगावात एमएस्सी जिऑलॉजी करूलालोय, सेमिनारला ध्रुवाकडच्या गाळाच्या खडकांचं वय हा विषय घेतलाय. गोकाकच्या धबधब्याचे कलादगी दगड बघत मोठा झालो, ते इतके जुने की डायटम, म्हणजे पाण्यातलं एकपेशीय बारीक शैवाल, तेव्हा जन्मालाच आले नव्हते, त्यामुळं मला हे सगळं नवीनच. दोन गोष्टी अडल्यात. पुस्तकात बघावं तिथं फोरॅमिनिफेरा (कवचवाले एकपेशीय जीव, थोडक्यात फोरॅम), खरं अंटार्क्टिकाच्या पेपरात जास्त करून डायटम, असं का? आणि हिमनदी जुना गाळ खरवडून नव्यात मिसळते म्हणतात, मग एकाच स्लाइडवर २० लाख वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा डायटम शेजारी शेजारी दिसला तर वय कुठलं धरायचं?

स्लाइडवाली ताई
भावा, पहिल्याचं सोपं आहे. फोरॅमचं कवच चुन्याचं, आणि थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त मुरतो म्हणून तिथं खोलात ते कवच विरघळून जातं. डायटमचं कवच सिलिकाचं, काचेसारखं, ते टिकतं आणि त्या समुद्रात डायटम पिकतातही भरपूर. मी गोव्यात दोन वर्षं याच स्लाइड केल्यात. टूथपिकच्या टोकावर चिमूटभर गाळ, पाण्याचा थेंब, पातळ पसरायचं, वाळवायचं, वर कव्हर स्लिप. मग तेल घालून १००० पटीत बघितलं की गोल चकतीवर बारीक भोकांच्या ओळी अशा दिसतात की रांगोळीचे ठिपके मोजत बसावं. जात ओळखायची ती त्या ओळींवरनंच. सिलिकाच उरली नसेल तर डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांच्या सिस्ट, म्हणजे सुप्तावस्थेतली कवचं, बघतात, त्यांची भिंत सेंद्रिय असते म्हणून हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये सगळा दगड विरघळला तरी त्या राहतात. ते ॲसिड मात्र लई धोक्याचं, शिकवणारं कोणी शेजारी नसेल तर हात लावू नको.

निपाणीचे गुरुजी
बाळा, दुसऱ्याचं मी सांगतो. आमच्या तंबाखूच्या शेतात विहिरीचा गाळ काढताना एका थरात जुना तांब्याचा पैसा आणि रुपयाचं चिन्ह असलेलं नाणं एकत्र मिळालं. ते चिन्ह नाण्यावर आलं २०११ ला, म्हणजे तो थर २०११ च्या आधीचा असूच शकत नाही, पैसा कितीही जुना असू दे. तुझ्या स्लाइडवर पण सगळ्यात तरुण डायटम धर. तो सांगतो की थर यापेक्षा जुना नाही, किती नवा ते सांगत नाही. आणि खात्री कर की तो तरुण डायटम वरनं किंवा लॅबमधनं आलेला नाही.

खानापूरकर
गुरुजी हे डोक्यात बसलं. मग एखादी जात संपली त्यावरनं वय काढतात ते कसं? जुनी कवचं मिसळली तर ती जात संपलीच नाही असं वाटणार की.

स्लाइडवाली ताई
बरोब्बर, म्हणूनच तिथं जात पहिल्यांदा कुठं दिसली त्यावर जास्त भरवसा, शेवट कुठं झाला त्यावर कमी. उदाहरणार्थ रूक्सिया लेव्हेंटेरी ही डायटमची जात साधारण १.३ ते १.४ लाख वर्षांपूर्वी नाहीशी झाली, आता वरच्या थरात तिचे दोन फुटके तुकडे मिळाले तर त्यावर वय ठरवायचं नाही, अख्खी कवचं भरपूर असतील तर विचार करायचा. आणि डायटम एकटे सोडत नाहीत. २००६-०७ ला अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोजवळ बर्फाच्या शेल्फमधनं (समुद्रावर तरंगणारा जाड बर्फ) भोक पाडून अँड्रिल या ड्रिलिंग प्रकल्पवाल्यांनी सुमारे १२८५ मीटरचा गाभा, म्हणजे गाळाचा लांब दंडगोल, काढला, त्यात डायटमचे जाड थर, मधे ज्वालामुखीची राख, राखेचं वय तिच्यातल्या आर्गॉन वायूवरनं मोजलं, वर खडकातली चुंबकीय दिशा पृथ्वीच्या चुंबकीय उलटापालटीच्या माहीत असलेल्या काळांशी जुळवली, तेव्हा कुठं वय पक्कं झालं.

सिरियस ग्रुप नावाच्या हिमगाळाचा (हिमनदीनं आणून टाकलेला गाळ) वाद मात्र सेमिनारात घेच. १९८४ मध्ये वेब, हारवूड आणि त्यांच्या साथीदारांनी ट्रान्सअंटार्क्टिक डोंगरात उंचावरच्या याच हिमगाळात प्लायोसीनचे (साधारण ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वीचा काळ) समुद्री डायटम दाखवले, म्हणाले तेव्हा बर्फ आटून समुद्र आत आला होता आणि पुढं हिमनदीनं ते वर नेले. विरोधकांचं म्हणणं, ते वाऱ्यानं उडून आलेत. दक्षिण ध्रुवाच्या बर्फात सुद्धा डायटम मिळाले तेव्हा वाऱ्याच्या बाजूचं वजन फार वाढलं. इतकं हलकं कवच वारा नेणारच ना. त्यामुळं तुझ्या टेबलात जातीच्या नावापुढं तीन कॉलम कर, अख्खे किती, फुटके किती, आणि नमुना पृष्ठभागावरचा की आतला.