इतिहासात बी.ए.: कोणत्या सत्रात काय करावं, कुठे फसतं (अनुभव धागा)

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी हाच प्रश्न येतो: इतिहास घेऊन बी.ए. करायचं तर आखणी कशी करावी? ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहावं. 'आमच्या वेळी असं होतं' हे दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त काय, किती आणि काय चुकतं.

पदवीला शिकवणारी, पुणे

आधी हिशेब समजून घ्या. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सत्राला साधारण 22 क्रेडिट, तीन वर्षांत 132, चौथं वर्ष केलं तर 176. तासिकांच्या विषयात 1 क्रेडिट म्हणजे 15 तास. मेजर (मुख्य विषय) इतिहास घेतला म्हणजे सगळं झालं असं मुलं धरून चालतात, आणि मायनरच्या (जोडविषयाच्या) रकान्यात मैत्रिणीने जे भरलं तेच भरतात. खरी निवड तिथेच असते. मध्ययुगाकडे कल असेल तर मायनर भाषेचा घ्या, आधुनिक काळाकडे असेल तर अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र, पुरातत्त्वाकडे असेल तर भूगोल. ओपन इलेक्टिव्ह (खुल्या निवडीचा विषय) दुसऱ्या विद्याशाखेतलाच घ्यावा लागतो. तो 'सोपा' बघून घेण्याऐवजी संख्याशास्त्राची तोंडओळख किंवा संगणकाचा घ्या. जमाबंदीचे (शेतसारा आकारणीचे) आकडे वाचताना उपयोगी पडतो.

मेजर कोणत्या सत्रात पक्का होतो आणि मायनर कधी सुरू होतो, हे विद्यापीठागणिक वेगळं आहे. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाचा तक्ता मागून घ्या. माहितीपत्रकात छापलेले सगळे मायनर प्रत्यक्षात चालतातच असंही नाही, मुलं कमी आली की वर्ग बंद होतो. 'गेल्या वर्षी हा वर्ग चालला का?' असा सरळ प्रश्न विचारा.

अभिलेखागारात काम

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत नको, पहिल्याच वर्षी शिका. पुराभिलेख संचालनालय (जुनी सरकारी कागदपत्रं जपणारं खातं) आणि काही संस्था छोटे वर्ग घेतात. मुळाक्षरं दोन आठवड्यांत येतात, आणि तिथेच बहुतेकांचा गैरसमज होतो की मोडी आली. छापील बाराखडी आणि कारकुनाचा हात यांत फार अंतर आहे. ओळ आधी आखलेली, अक्षरं त्या ओळीला लटकलेली, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी एकोणिसाव्या शतकातले कागद, मग पेशवेकालीन, शेवटी शिवकालीन. रोज अर्धं पान, आणि बाजूला देवनागरीत उतारा. रविवारी एकदम दहा पानं करून हात बसत नाही.

अडलेलं अक्षर अंदाजाने भरू नका, तिथे टिंब ठेवा. अंदाजाने भरलेला शब्द पुढच्या वाचनात 'पुरावा' होऊन बसतो.

लिपीच्या जोडीला कालगणना. पेशव्यांच्या कागदावर सुहूर सन (त्या काळच्या दफ्तरातली वर्षगणना) अरबी शब्दांत येतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1, 60, 100 आणि 1000, एकूण 1161. त्यात 599 मिळवले की 1760. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवायचे. पानिपत 14 जानेवारी 1761 चं, तेही याच सुहूर सनातलं. शकाचंही तसंच: एरवी 78, जानेवारीपासून फाल्गुनअखेरीपर्यंत 79. या एका वर्षाच्या घोळाने प्रकल्पातला घटनाक्रम उलटा होतो.

ओजेटीबद्दल थोडक्यात

कार्यस्थळ प्रशिक्षण 4 क्रेडिटचं, म्हणजे 120 तास (इथे 1 क्रेडिटला 30 तास). संग्रहालय, ग्रंथालय, दफ्तरखाना चालतो. पत्र आणि परवानगीला वेळ लागतो, सत्र सुरू झाल्यावर अर्ज केलात तर हाती झेरॉक्सचं काम येतं. दोन महिने आधी जा, आणि 'अमुक दफ्तराच्या एका रुमालाची (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याची) सूची करतो' असं ठरावीक काम मागा.

स्पर्धा परीक्षा शिकवतो

बी.ए. इतिहास म्हणजे निम्मी यूपीएससी झाली, हा समज सोडा. वैकल्पिक इतिहासाचे दोन पेपर, प्रत्येकी 250 गुण. पहिल्या पेपरात नकाशावर 20 स्थळं ओळखायची, प्रत्येकी अडीच गुण, म्हणजे 50. पदवीच्या वर्गात नकाशाकडे कोणी बघत नाही आणि इथेच गुण जातात. कोरा नकाशा घेऊन आठवड्याला दहा स्थळं, काळ आणि वैशिष्ट्यासह. एमपीएससी राज्यसेवा मुख्यही 2025 पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे उत्तर लिहिण्याचा सराव दोन्हीकडे लागतो.

मराठी माध्यमातल्यांना एक सूचना. वतन, सरंजाम, जहागीर या तिघांना इंग्रजी पुस्तकातल्या एकाच शब्दाने झाकू नका, तिन्ही वेगळे हक्क आहेत. मूळ शब्द ठेवा आणि एका ओळीत अर्थ द्या.

संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के लागतात. सहाव्या सत्रात हे कळून उपयोग नाही, कारण पहिल्या वर्षाचे 52 टक्के तिथे आडवे येतात. शिवाय चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात नसतं.

गोवा

1961 पूर्वीचं गोवा करायचं तर पोर्तुगीज हवीच. पणजीच्या पुराभिलेखात फक्त इंग्रजी-मराठीवर काम करू पाहणारा पहिल्याच खोक्यापाशी थांबतो. मायनर म्हणून मिळत नसेल तर बाहेर शिका, तिन्ही वर्षं.

आणि वर कालगणनेचं आलं आहे त्यात भर: पोर्तुगीज कागद 1582 नंतर नव्या (ग्रेगोरियन) पंचांगाचे, इंग्रज मात्र 1752 पर्यंत जुन्याच (ज्युलियन) पंचांगावर. सतराव्या शतकात हे अंतर दहा दिवसांचं. शिवराज्याभिषेक इंग्रजांच्या तारखेने 6 जून 1674, नव्या पंचांगाने 16 जून. सुरतेच्या इंग्रजांचं पत्र आणि गोव्याचं पत्र शेजारी ठेवताना आधी दोन्ही एका पंचांगात आणा, नाहीतर उत्तर पत्राच्या आधी पोचलेलं दिसतं.